शस्त्रक्रियेनंतरची पाच वर्षे : संप्रेरक उपचारांचे त्रास आणि त्यांवरील उपाय

शस्त्रक्रियांची संख्या, खाटांचा वापर, यंत्रसामग्रीवरील खर्च आणि देणग्यांचा विनियोग हे सर्व आम्ही दरवर्षी या अहवालातून आपल्यापुढे ठेवत असतो. स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या भगिनीची शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी व रेडिएशन पार पडले आणि अंतिम बिल चुकते झाले, की तिचे नाव या तक्त्यांतून बाहेर पडते. घरचे लोक पेढे घेऊन येतात. डोक्यावर नवे केस येऊ लागलेले असतात. हिशेबाच्या दृष्टीने प्रकरण मिटलेले असते.

वैद्यकीय दृष्टीने मात्र ते मिटलेले नसते. यांपैकी अनेक भगिनींना त्यानंतर रोज एक गोळी पाच वर्षे, आणि काहींना त्याहूनही अधिक काळ, घ्यावयाची असते. या गोळीसाठी ना खाट लागते, ना सलाईन, ना परिचारिका. ती घरी, स्वयंपाकघराच्या फडताळात असते. तिच्यामुळे होणारा त्रासही घरीच भोगला जातो आणि पुष्कळदा कोणाला न सांगता ती घरीच बंद केली जाते. देणगीदारांनी व विश्वस्तांनी ज्या शस्त्रक्रियेसाठी हातभार लावला, तिचे फळ पुढे टिकणे बऱ्याच अंशी या गोळीवर अवलंबून असते. म्हणून यंदाच्या रुग्णशिक्षण विभागात हा विषय घेतला आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे. हिशेब आणि व्यवस्था ही आमची कामे. औषधवाटपाच्या खिडकीवर व बिलांच्या टेबलाशी जे प्रश्न वारंवार विचारले जातात, ते आम्ही आमच्या डॉक्टरांपुढे ठेवले आणि त्यांच्याकडून जे समजून घेतले ते येथे मांडत आहोत. औषध सुरू करणे, बदलणे अथवा थांबविणे हा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच असतो.

ही गोळी कशासाठी?

स्तनाच्या काही कर्करोगांची वाढ शरीरातील इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर पोसली जाते. गाठीच्या तपासणीत ‘ई.आर. पॉझिटिव्ह’ किंवा ‘पी.आर. पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले असेल, तर तो या प्रकारचा रोग होय. पाश्चात्त्य देशांत असे रुग्ण सुमारे तीन-चतुर्थांश असतात; आपल्याकडे हे प्रमाण काहीसे कमी असले तरी संख्या थोडी नाही. ज्यांच्या अहवालात दोन्ही ‘निगेटिव्ह’ असतात, त्यांना या गोळीचा उपयोग नाही. शेजारणीला दिली आणि मला का दिली नाही, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा हेच असते.

या उपचाराचे मूळ जुने आहे. १८९५ साली ग्लासगो येथील शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी रोग पुन्हा उद्भवलेल्या एका ३३ वर्षांच्या स्त्रीचे बीजकोश काढले आणि तिच्या गाठी काही महिन्यांत विरत गेल्याचे त्यांना दिसले. पुढच्या वर्षी त्यांनी ते ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. संप्रेरके कशी काम करतात हे त्या काळी कोणालाच धड ठाऊक नव्हते. टॅमॉक्सिफेन हे आज सर्वांत परिचित असलेले औषध १९६२ साली इंग्लंडमधील आय.सी.आय. कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी तयार केले, आणि तेही संततिनियमनाच्या गोळीचा शोध चालू असताना. त्या कामी ते निरुपयोगी ठरले. १९७३ साली ब्रिटनमध्ये त्यास स्तनाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली, आणि अडगळीत जाणाऱ्या त्या संयुगाने पुढे लाखो स्त्रियांचे आयुष्य वाढविले.

टॅमॉक्सिफेन पेशींवरील इस्ट्रोजेनची जागा अडवून धरते. पाळी चालू असलेल्या आणि थांबलेल्या अशा दोन्ही वयांच्या स्त्रियांना ते देता येते. पाळी कायमची थांबल्यावरही शरीरातील चरबी व इतर भागांत ॲरोमॅटेज नावाच्या विकराच्या साहाय्याने थोडे इस्ट्रोजेन तयार होतच असते. लेट्रोझोल, अनॅस्ट्रोझोल व एक्झेमेस्टेन या गोळ्या ती निर्मितीच बंद करतात. त्या रजोनिवृत्त स्त्रियांसाठी असतात. तरुण वयात त्या द्यावयाच्या झाल्यास बीजकोशांचे काम इंजेक्शनाने किंवा शस्त्रक्रियेने थांबवावे लागते.

आता लाभाचा हिशेब. जगभरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार संप्रेरकांवर पोसणाऱ्या रोगात पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्याने पहिल्या पंधरा वर्षांतील स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटतात. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की गोळी पाचच वर्षे घेतली तरी तिचे संरक्षण त्यापुढेही टिकते. २०१२ सालच्या ‘ॲटलास’ या अभ्यासात पाचऐवजी दहा वर्षे गोळी घेणाऱ्यांमध्ये त्या पुढील दशकात रोग उलटण्याचे प्रमाण २५.१ टक्क्यांवरून २१.४ टक्क्यांवर आले. दहा वर्षे सर्वांनाच लागतात असे नाही. ज्यांचा धोका अधिक, त्यांच्याबाबत डॉक्टर तसा विचार करतात.

असे असूनही ही गोळी सुटते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील ८,७६९ स्त्रियांच्या नोंदी तपासून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पूर्ण मुदतीपर्यंत आणि नियमाने औषध घेणाऱ्या स्त्रिया अवघ्या ४९ टक्के आढळल्या. त्या विमा असलेल्या, औषधे वेळेवर मिळणाऱ्या स्त्रिया होत्या. तेव्हा गोळी सुटण्याचे कारण केवळ पैसा हे नव्हे.

न सांगितलेला त्रास

परळ हे कर्करोगाच्या उपचारांचे देशातील मोठे केंद्र आहे. टाटा मेमोरियल रुग्णालय येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून येणारे रुग्ण आणि त्यांचे सोबती परळच्या पदपथांवर, दादरच्या संत गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत आपण पाहतोच. याच परिसरातल्या, लालबाग-परळ-गिरगावच्या भगिनींचीही मोठी शस्त्रक्रिया अनेकदा तेथेच झालेली असते. पुढे रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी, औषधे अशा कारणांसाठी त्या घराजवळ म्हणून आमच्याकडे येतात. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. मोठ्या डॉक्टरांपुढे त्या या त्रासाविषयी बोलत नाहीत. बाहेर शेकडो माणसे खोळंबलेली असताना ‘मला फार घाम येतो’ हे काय सांगायचे, असे त्यांना वाटते. जीव वाचला यातच सारे आले, आता कुरकुर कशाला, ही भावना त्यामागे असते. घरच्यांनाही हे रूचते, कारण आजारपण संपले असे मानणे सर्वांच्या सोयीचे असते.

आमच्या मते या उपचारातील मोठी अडचण हीच आहे. बहुतेक त्रासांवर काही ना काही उपाय आहे. पण तो करता येण्यासाठी त्रास कोणीतरी ऐकावा लागतो.

अंगातून वाफा निघणे

ही सर्वांत नेहमीची तक्रार. छातीतून एकाएकी उष्णता वर चढते, चेहरा तापतो, दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते आणि काही मिनिटांनी सारे ओसरून उलट थंडी वाजते. हे दिवसातून अनेकदा आणि रात्रीही होते. मेंदूतील तापमान नियंत्रित करणारे केंद्र इस्ट्रोजेनच्या अभावी हळवे झालेले असते. शरीर किंचित तापले तरी ते जणू तापच आल्यासारखे वागते. हा ताप नव्हे आणि रोग परतल्याची खूणही नव्हे.

मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः ऑक्टोबरमध्ये, हा त्रास अधिक जाचतो. त्यातून दहा बाय बाराची खोली, शेजारी पेटलेला गॅस, रात्री एका रांगेत निजलेली पाच माणसे. सासूबाईंना पंखा सोसत नाही आणि सूनबाईंना त्यावाचून क्षणभर राहवत नाही. हा पंख्याचा वाद आमच्या समुपदेशक भगिनींपुढे इतक्या वेळा आला आहे, की त्यांचा पहिला सल्ला औषधाचा नसून लहान टेबलफॅनचा असतो. तो रुग्णाच्या उशाशी, फक्त तिच्या बाजूने लावावा. निजताना सुती व सैल कपडे, पांघरायला एका जाड गोधडीऐवजी दोन पातळ चादरी, हाताशी माठातल्या पाण्याचा तांब्या आणि ओला पंचा एवढ्यानेही रात्र पुष्कळ सुसह्य होते.

कशाने वाफा वाढतात याची आठवडाभर वहीत नोंद ठेवावी. कोणाला वाफाळत्या चहाने, कोणाला तिखट रश्श्याने, कोणाला घाईगर्दीने त्रास होतो. सरसकट सर्व वर्ज्य करू नये. आपले कारण सापडले की तेवढेच आवरावे. वाफ येत आहे असे वाटताच मिनिटभर संथ, पोटातून श्वास घेणे काही जणींना उपयोगी पडते. वाफांकडे पाहण्याची दृष्टी व त्यांविषयीचे भय बदलणाऱ्या समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो, असे या विषयावरील अभ्यासांत दिसून आले आहे. गोळीची वेळ सकाळऐवजी रात्री अथवा रात्रीऐवजी सकाळी केल्यानेही काहींना बरे वाटते. डॉक्टरांना विचारून हा बदल करून पाहण्यास हरकत नाही. पहिल्या काही महिन्यांनंतर अनेकींच्या वाफांचा जोर आपोआप कमी होतो, हेही सांगितले पाहिजे.

एवढ्याने भागले नाही तर औषधे आहेत. व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेन्टिन, ऑक्सिब्युटिनिन ही त्यांपैकी काही. यातील पहिले मूळचे नैराश्यावरचे औषध आहे. दुकानदाराने तसे सांगितल्यावर ‘मला वेड लागले आहे काय’ म्हणून चिठ्ठी परत आणणाऱ्या भगिनी असतात. तसे काही नाही. वाफांसाठी ते अल्प मात्रेत देतात. उलट, नैराश्यावरचीच पॅरॉक्सेटिन व फ्लुऑक्सेटिन ही औषधे टॅमॉक्सिफेनबरोबर टाळावी लागतात. टॅमॉक्सिफेन यकृतात जाऊन ज्या विकरामुळे खरे कार्यक्षम बनते, त्या विकराला ही औषधे अडवतात. गजकर्णासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या टर्बिनाफिन या गोळीचाही त्याच विकरावर परिणाम होतो. म्हणून कोणत्याही नव्या डॉक्टरांकडे जाताना, मग ते त्वचेचे असोत वा दातांचे, आपण कोणती गोळी घेतो हे प्रथम सांगावे.

रजोनिवृत्तीच्या त्रासावर एरवी दिली जाणारी संप्रेरकांची भरपाई मात्र येथे चालत नाही. स्वीडनमध्ये याविषयी झालेला एक अभ्यास, रोग उलटण्याचे प्रमाण वाढल्याचे दिसल्याने, डिसेंबर २००३ मध्ये मुदतीआधीच थांबवावा लागला होता.

जिना, नळ आणि कुकरचे झाकण

लेट्रोझोल व त्याच्या जातीच्या गोळ्यांचा मुख्य त्रास सांधेदुखीचा. या गोळ्या घेणाऱ्या जवळपास निम्म्या स्त्रियांना तो कमीअधिक जाणवतो. सुरुवात बहुधा पहिल्या काही महिन्यांत होते. पहाटे उठल्यावर मूठ वळत नाही, बोटे ताठरलेली असतात, गुडघे धरतात, टाचा टेकवत नाहीत. थोडी हालचाल झाली की सैल पडते.

ज्यांच्या घरी पहाटेच पाणी येते, त्या घरी हा ताठरपणा नेमका पाणी भरण्याच्या वेळी असतो. चाळीतले लाकडी जिने, गॅलरीच्या टोकाचे सार्वजनिक शौचालय, उकिडवे बसून करावयाची कामे यांचा विचार परदेशी पुस्तकांत नसतो. आमच्या भौतिकोपचार विभागाने त्यावर साधे मार्ग शोधले आहेत. उठल्याबरोबर कोमट पाण्याच्या घमेल्यात हात बुडवून दहा मिनिटे बोटे उघडझाप करावीत. पाणी भरण्याचे काम शक्य असेल तेथे घरातील दुसऱ्याने घ्यावे. भाजी निवडणे, कपडे धुणे ही कामे उंच पाटावर वा खुर्चीवर बसून करावीत. शौचालयात भारतीय बैठकीवर ठेवण्याची खुर्ची मिळते, ती घेण्यात संकोच मानू नये. जिना चढताना आधी चांगला पाय आणि उतरताना आधी दुखरा पाय टाकावा. कुकरचे झाकण लावण्यासाठी मुलास वा यजमानांस हाक मारावी. ‘एवढेसे’ काम सांगण्याची अनेकींना लाज वाटते, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो.

येथे विश्रांती हे औषध नव्हे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशी सांधेदुखी असलेल्या १२१ स्त्रियांचा वर्षभर अभ्यास केला. ज्यांनी आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम व दोनदा स्नायू बळकट करण्याचा व्यायाम केला, त्यांच्या तीव्र वेदनेत सुमारे २९ टक्के घट झाली. दीडशे मिनिटे म्हणजे आठवड्यातील पाच दिवस अर्धा-अर्धा तास. दादरच्या भगिनींना शिवाजी पार्क आहे, गिरगावकरांना चौपाटी आहे. लालबाग-परळला तेवढी मोकळी जागा नाही, हे खरे. परंतु इमारतीच्या गच्चीवर किंवा चाळीच्या गॅलरीत फेऱ्या घालता येतात. एकेक लिटर पाण्याच्या दोन बाटल्या हातात घेऊन दंड उचलणे आणि हात न टेकता खुर्चीवरून उठबस करणे हे स्नायूंचे व्यायाम आहेत. त्यास शुल्क नाही.

दुखणे तरीही आवरत नसेल तर डॉक्टर वेदनाशामके देतात, थायरॉइड व ‘ड’ जीवनसत्त्वाची तपासणी करतात, प्रसंगी ड्युलॉक्सेटिन सुचवतात. कधी दोन ते चार आठवडे गोळी थांबवून त्रास गोळीचाच आहे काय हे पाहतात. मग त्याच जातीची दुसरी गोळी देतात. एकीने त्रास होतो म्हणून दुसरीने होतोच असे नाही. कोणालाही न जमल्यास टॅमॉक्सिफेन असतेच. इतके पर्याय असताना, न सांगता गोळी सोडलेल्या भगिनी पाहिल्या की आम्हांस फार वाईट वाटते. सर्व पर्याय संपल्यावर, लाभ थोडा आणि त्रास फार असे दिसले तर डॉक्टर स्वतःच औषध थांबवतात, असेही घडते. एक सूचना मात्र ध्यानात असावी : एकाच ठिकाणी सतत, रात्री जागे करणारे आणि वाढत जाणारे हाडाचे दुखणे गोळीच्या माथी मारू नये, ते लगेच दाखवावे.

याच गोळ्यांमुळे हाडे विरळ होतात. हे दुखत नाही, त्यामुळे कळत नाही. मनगट किंवा खुबा मोडल्यावर कळते. उपचार सुरू करताना व पुढे साधारण दर दोन वर्षांनी हाडांच्या घनतेची ‘डेक्सा’ तपासणी करावी. आहारात नाचणी, तीळ, दूध-दही आणि मत्स्याहारी कुटुंबांत काट्यांसह खाल्ली जाणारी मांदेली, सुकट यांतून कॅल्शियम मिळते. कमी पडेल तेवढे गोळीतून घ्यावे. ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव एकमेकींना खेटून उभ्या इमारतींच्या या भागात नवल नाही. हाडे फारच विरळ असल्यास झोलेड्रॉनिक ॲसिडचे इंजेक्शन ठरावीक अंतराने देतात. ते घेण्यापूर्वी दात तपासून, काढावयाचे असतील ते काढून घ्यावे लागतात. टॅमॉक्सिफेनचे याबाबत उलट आहे. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या हाडांना ते काहीसे राखते.

जे यजमानांनाही सांगितले जात नाही

योनीमार्गाचा कोरडेपणा, आग, संबंधाच्या वेळी वेदना, इच्छा मावळणे या तक्रारी दोन्ही प्रकारच्या गोळ्यांनी होऊ शकतात. त्या बोलल्या जात नाहीत. यजमानांना वाटते, पत्नी दुरावली. पत्नीस वाटते, शस्त्रक्रियेमुळे आपण त्यांना नकोशा झालो. खरे कारण पुष्कळदा एवढेच असते, की तेथील त्वचा इस्ट्रोजेनअभावी पातळ झाली आहे. औषधाच्या दुकानात पाण्यावर आधारित वंगण-जेली व ओलावा टिकविणारी मलमे मिळतात. त्यांत संप्रेरक नसते आणि ती निर्धास्त वापरावीत. इस्ट्रोजेनयुक्त मलम मात्र कर्करोगतज्ज्ञांच्या संमतीवाचून वापरू नये. आमच्याकडे या विषयावर बोलण्यासाठी स्त्री समुपदेशक आहेत व त्यांच्या खोलीत तिसरे कोणी नसते.

तरुण भगिनींसाठी आणखी एक. टॅमॉक्सिफेन घेत असताना पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो आणि गर्भास या औषधाने अपाय होतो. संततिनियमनाच्या संप्रेरक-गोळ्या चालत नाहीत. निरोध किंवा तांबी वापरावी. मूल हवे असल्यास ते कायमचे अशक्य झाले, असे मात्र मानू नये. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पॉझिटिव्ह’ या अभ्यासात, दीड ते अडीच वर्षे उपचार घेऊन बाळंतपणासाठी दोन वर्षांपर्यंत तो थांबविलेल्या स्त्रियांत नजीकच्या काळात रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. दूरचा निष्कर्ष यावयाचा आहे. हा निर्णय डॉक्टरांसमवेत, आधी ठरवून घ्यावयाचा असतो.

त्याच दिवशी दाखवावे असे काही

टॅमॉक्सिफेनमुळे क्वचित रक्ताची गुठळी होते. एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणे, अचानक धाप किंवा छातीत कळ आल्यास तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. गणपतीला कोकणात जाताना दहा-बारा तास बस वा रेल्वेत अवघडून बसावे लागते. दर तासा-दीड तासाने उठून चार पावले चालावे, पाणी पीत राहावे. कोणतीही शस्त्रक्रिया ठरल्यास ही गोळी चालू असल्याचे आधी सांगावे.

पाळी गेलेल्या स्त्रीस या गोळीवर असताना पुन्हा रक्त दिसले, थेंबभर का होईना, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो तो याच वयात. ‘ॲटलास’ अभ्यासात पुढील दहा वर्षांत तो १.६ टक्क्यांवरून ३.१ टक्क्यांवर गेला. वेळीच कळल्यास तो बहुधा बरा होतो. दृष्टी धूसर झाल्यास डोळे तपासावेत. वजनवाढीचा दोषही या गोळीस दिला जातो, पण तुलनात्मक अभ्यासांत तो सिद्ध झालेला नाही.

शतावरी, हळद आणि शेजारचा सल्ला

आजारी माणसास सल्ला देणे हा आपल्याकडील स्नेहाचा प्रकार आहे आणि आम्हांस त्याची थट्टा करावयाची नाही. परंतु ‘बायकांचे टॉनिक’ म्हणून मिळणाऱ्या काढ्यांत शतावरी, ज्येष्ठमध अशा इस्ट्रोजेनसदृश गुण असलेल्या वनस्पती असतात. डॉक्टरांना बाटली दाखविल्यावाचून त्या घेऊ नयेत. आमटी-भाजीतील हळद खुशाल खावी. हळदीच्या अर्काच्या, त्यातही मिरीयुक्त, कॅप्सूलमुळे टॅमॉक्सिफेनच्या कार्यक्षम अंशाचे रक्तातील प्रमाण घटल्याचे नेदरलँड्समधील २०१९ सालच्या अभ्यासात दिसले आहे, त्या टाळाव्यात. जेवणातील सोयाबीनला बंदी नाही. उपवासाच्या दिवशी गोळी पाण्याबरोबर घेता येते. संकष्टीला, श्रावणी सोमवारी, नवरात्रात ‘औषध चालत नाही’ म्हणून ती सोडणाऱ्या भगिनींना आमच्या औषधनिर्मात्या आवर्जून हे सांगतात. मिसरीची सवय असल्यास ती सोडण्यास हीच वेळ योग्य.

लेट्रोझोल वंध्यत्वावरही दिले जाते. भारतात त्या उपयोगास २०११ साली मनाई झाली होती व २०१७ साली ती उठली. त्यामुळे साठीच्या आजींची चिठ्ठी पाहून दुकानातला नवखा मुलगा ‘ही मूल होण्याची गोळी आहे’ असे म्हणतो आणि आजी ती न घेताच घरी जातात. गोळी तीच, काम निराळे.

खर्चाविषयी थोडे

टॅमॉक्सिफेन व लेट्रोझोल ही दोन्ही औषधे अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असून त्यांच्या कमाल किमतीवर सरकारी नियंत्रण आहे. कर्करोगाच्या इतर औषधांच्या तुलनेत ती पुष्कळ स्वस्त आहेत. भार पडतो तो त्यांच्या भोवतालच्या गोष्टींचा : डेक्सा तपासणी, हाडांचे इंजेक्शन, भौतिकोपचार, सोनोग्राफी, येण्याजाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून अमलात आलेल्या योजनेनुसार आमच्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. ही योजना चांगली आहे. पण तिची गणना खाटांवर उभी आहे, आणि गोळी घेणारी भगिनी कोणत्याच खाटेवर नसते. तिच्यासाठीचा खर्च बहुतांशी आपल्या मुक्त देणग्यांतूनच भागतो. विशिष्ट यंत्रासाठी वा खोलीसाठी देणगी देणाऱ्या मान्यवरांचे आम्ही ऋणी आहोतच; ज्यांना पाटी नको असेल अशा देणगीदारांनी या खर्चाचा विचार करावा, अशी विनंती आहे.

औषधवाटपाच्या खिडकीवर या गोळ्यांसाठी स्वतंत्र नोंदवही ठेवलेली आहे. महिनाभराची गोळी देताना पुढील तारीख लिहिली जाते. तारीख उलटून दहा दिवस झाले आणि रुग्ण आली नाही, तर आमच्या समाजसेविका दूरध्वनी करतात. ‘गोळी का घेतली नाही’ असे न विचारता ‘काय त्रास होतो’ असे विचारावे, असा त्या विभागाचा शिरस्ता आहे. रुग्णांच्या कुटुंबीयांना विनंती, की तपासणीस येताना चालू असलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या, काढ्यांच्या बाटल्या, गाठीचा मूळ अहवाल आणि त्रासाची नोंद केलेली वही एका पिशवीत घालून आणावी. उरलेल्या गोळ्याही आणाव्यात. त्या मोजल्या की किती दिवस सुटले हे कळते, आणि मग पुढचे बोलणे सोपे होते.